पोट भरलेला

दुर्भाटच्या मानशीची दारं
भरती चढली की आपली आपण मिटतात,
ओहोटीला उघडतात.
सुक्रू, माझा बाप, म्हणायचा,
पाण्याला खोटं बोलता येत नाही, माणसाला येतं.

मी बोललो.
बांधाकडचे कांदळ तोडून तळं केलं
वाघसुंगटांचं, लोचनच्या पाटल्या मोडून.
दोन हंगाम नोटा मोजल्या.
तिसऱ्याला सुंगटांच्या पाठीवर पांढरे ठिपके,
आणि एका पहाटे सगळं तळं
तांबूस होऊन कडेला लागलं.

पुढच्या पावसात बांध बसला.
लाटेला अडवायला मुळंच नव्हती.
जुवारीतही जाळं हलकं येऊ लागलं.
आम्ही ट्रॉलरवाल्यांना शिव्या दिल्या,
त्या काही अगदीच खोट्या नव्हत्या.
पण तोडलेली मुळं आणि रिकामी पाटी
एका दोरीत कुणी ओवली नाही.

मग इव्हेट आली, वही आणि गमबूट घेऊन.
कांदळाच्या शेंगा चिखलात उभ्या रोवायच्या,
टोक खाली, दोन हातांचं अंतर.
पहिल्या वर्षी नऊशे.
काही म्हशींनी खाल्ल्या, काहींना कालवं चिकटली,
एक तर कुणाच्या तुटक्या चपलेत अडकून मेली.
उरल्या एकशे दहा.
"पाटल्यांपेक्षा बरा हिशेब," लोचन म्हणाली.

पाचव्या वर्षी मुळांच्या कमानी झाल्या.
एका मोठ्या डेंगीच्या कुर्ल्या तिथं
दिवसभर कुणाला तरी बोलावतात.
आणि पाणी भरलं की कमानींच्या आत
शेवट्यांची, काळुंदरांची बोटभर पिल्लं.
मोठा मासा तिथं शिरू शकत नाही.
बाकी काही जादू नाही.
जत्रेत पोर आईच्या पायांशी उभं राहतं, तेवढंच.

काल लोचननं विळीवर शेवटा चिरला,
पोटातून काळा, मऊ चिखल निघाला.
कुजलेलं पान, कुर्लीची विष्ठा,
आणि काय काय कोण जाणे.
"हा घे," ती म्हणाली, "तुझा चिखल."
मी रोज दारात पाय घासून धुतो तोच.
पोहून, मोठा होऊन आलेला.

इव्हेटनं आज वहीत विचारलं,
मासळी किती वाढली?
आकडा हवाय, वर पाठवायचाय.
मी बराच वेळ मानशीकडे पाहिलं.
पाणी आत येत होतं, दारं मिटत होती.
म्हटलं, लिही.
एक शेवटा.
पोट भरलेला.