बाजूला

कॅमेरा घेतला पेन्शनच्या पहिल्या वर्षी,
सेकंडहँड, सीताबर्डीवरून.
बायको म्हणाली, एवढ्यात दोन कूलर आले असते.

मे महिना, लग्नं. उमरेड रोडचं लॉन,
रात्री नऊलाही भट्टीचा वारा.
नवरीचे फोटो मी काढत नाही, ते काम पगारी पोरांचं.
मी काढतो जनरेटरला टेकून पेंगणारा माणूस,
सांबारवडीच्या कढईमागचं घामेजलं कपाळ,
वरमाय, टोचणारी नथ हळूच पर्समध्ये टाकताना.
"काकाजी, बाजूले व्हा नं, फ्रेममंदी येऊन राह्यले!"
व्हिडिओवाला ओरडतो.
होतो मी.

तांडापेठेत एक हातमाग अजून चालू होता.
तीन रविवार नुसता बसून आलो.
चौथ्या रविवारी म्हाताऱ्यानं मान वर केली
तेव्हा फुटक्या कौलातला उजेड
नेमका त्याच्या कानाच्या पाळीवर होता.
माझं श्रेय इतकंच की मी घरी नव्हतो.

प्रदर्शनात खाली चिठ्ठी लावली: निनावी विणकर.
लोक म्हणाले, वा.

तिसऱ्या दिवशी एक बाई आली,
गुळगुळीत फरशीला बिचकून चपला हातात.
बराच वेळ उभी. मग म्हणाली,
"बाबाले नाव हाय नं. देवमन निनावे.
निनावी काहून लिवलं?"

खिशातलं बॉलपेन काढलं.
वेलांटी खोडली, मात्रा दिली,
अलीकडे दाटीवाटीनं देवमन बसवलं.

तिनं मोबाइल धरला. काचेत माझं टक्कल.
"जराक बाजूले..."

सरकलो.