टण्

बोस्नियात, लुकावात्सच्या सोडा कारखान्यामागं
दर मंगळवारी नऊ जण येतात.
दवाखान्यानं गोळ्यांच्या चिठ्ठीखाली लिहून दिलंय :
वाफे, दोन तास.

झुम्रेता पहिले दोन महिने नुसती बाकावर.
मातीचं नाव काढलं की
बोटं आपोआप मुठीत.
तिच्या भावाचा पाय बटाटे काढताना गेला,
लढाई संपून तीन वर्षं झाल्यावर.
कुणी आग्रह केला नाही.
स्लावोय्का तिला कांद्याची रोपं धरायला द्यायची, इतकंच.
स्लावोय्का पलीकडची.
दोघींना ठाऊक होतं.

मग एप्रिलात
मिलेन्कोच्या कुदळीखाली वाजलं :
टण्.

नऊ जण जागच्या जागी.
चिमणीला काय त्याचं,
ती नेमकी तिथंच उतरली.

आणि उठली कोण, तर झुम्रेता.
गुडघ्यांवर बसून
दोन बोटांनी माती सारू लागली,
तापातल्या पोराच्या कपाळावरचे केस सारावेत तशी.

निघालं तांब्याचं कॉफीचं भांडं.
दांडा मोडलेला, कल्हई उडालेली,
आत एक गांडूळ.

ती हसली आधी.
नंतर रडली असावी;
मी झारी भरत होते, नीट दिसलं नाही.

आता त्या भांड्यात पुदिना आहे.
त्याचा चहा कळकतो, असं स्लावोय्का म्हणते
आणि दुसरा कप मागते.

झुम्रेता अजून दिवा लावूनच झोपते,
हेही लिहायला हवं.
फाटकाची किल्ली मात्र
हल्ली तिच्याकडे असते.