साठ मिलिमीटर

सायकलचे तीन जुने चिमटे गोणपाटात बांधून
मी देवगड बंदरावर, बस्त्यावच्या लेथपाशी नेले.
तिथे एरवी ट्रॉलरचे शाफ्ट येतात,
एकदा देवळातली घंटा आली होती म्हणे.
त्याने लोखंडाचा कीस बाजूला सारला
आणि तिन्ही आडवे मांडले,
लिलावातल्या सुरमया मांडाव्यात तसे.

सांगाडा आधीच त्याच्या भिंतीला टेकलेला:
शहाण्णव सालचा, पोलादी, पिकल्या करवंदाच्या रंगाचा.
मामा जहाजावरून उतरला तो खोक्यात घेऊन आला,
दोन हिवाळे चालवला, परत जहाजावर गेला.
मूळचा शॉकप खाऱ्या वाऱ्याने आतून खाल्ला.
स्टिकर तेवढा शाबूत.

पहिला चिमटा देखणा. काळा, हवेचा,
शंभर मिलिमीटर खाली बसतो, हूं की चूं न करता.
मला तोच हवा होता, खरं सांगते.
सत्तेचाळीस वय, दिवसभर कॅनिंगमध्ये
आमरसाची आम्लता मोजून
मनगटं आधीच कुरकुरतात,
आणि आमचा सडा काही मायाळू नाही;
कातळावरून चाक जातं तेव्हा
घरी येऊन दात मोजून घ्यावे लागतात.

बस्त्यावने तो सांगाड्याशेजारी धरला, एक डोळा मिटला.
"ह्येचे पाय लांब.
व्हडयेची नाळ उगीच उचललंस
तर तोंड वर करून चलतली,
सुकाणू आयकाचा नाय."
वळणावर पुढचं चाक भरकटेल, हे मीही वाचलं होतं.
पण वाचणं वेगळं
आणि कुणी हवेत तळहाताची होडी करून दाखवणं वेगळं.
शिवाय त्याला ब्रेकच्या खुंट्याच नव्हत्या.
हे मी मुद्दाम उशिरा सांगितलं.

दुसरा त्याच सालचा, उंची बरोबर, पाय आरशासारखे.
फक्त मान कुणीतरी कापलेली,
दुसऱ्याच कुठल्या सांगाड्याच्या मापाने.
दोन बोटं आखूड.

उरला तिसरा.
साठ मिलिमीटर. उघडला तर आतलं रबर
फणसाच्या चिकासारखं बोटांना आलं,
खोबरेल लावलं तेव्हा हात सुटले.
पायांवर गंजाची मिरी सांडलेली.
बस्त्यावने वरून खाली नख ओढलं,
अडखळलं तिथे खडूची खूण केली.
सगळ्या खुणा सील पोचतं त्याच्या वर, दोन सोडून.
"दोन चलतत," म्हणाला.
किती दिवस, मी विचारलं नाही.

इंजिनाखाली घालायच्या पिवळ्या चिवट तुकड्यातून
त्याने सहा गुंड्या कातल्या,
चार मऊ, दोन घट्ट, असं तो म्हणाला;
मला सहाही सारख्याच दिसल्या.
अडीचशे रुपये घेतले, वर दोन डझन आंबे मागितले,
कॅनिंगला जातात ते नव्हेत, हे बजावून.
निघताना डाव्या पायाला
जाळ्याच्या नायलॉनचा एक फेरा बांधला:
"किती बसता, ता ह्यो सांगतलो."

रविवारी उजाडताना सड्यावर गेले.
विहिरीकडे उतरायला जांभ्याच्या चौदा पायऱ्या.
उतरले. काहीतरी करकरलं,
चिमटा की मनगट, कळलं नाही.
पण हँडल म्हटलं तिथे गेलं.

खाली थांबून पट्टी लावली.
दोरा एकेचाळीसवर.
म्हणजे एकोणीस मिलिमीटर अजून शिल्लक,
आणि परतीच्या चौदा पायऱ्या,
सायकल खांद्यावर.