पाचशे एकोणसाठ

उद्यमबागेत माझं काम मापाचं.
कास्टिंगच्या भोकात गेज घालून बघायचं,
जातंय की नाही.
जात नसेल तर लाल रंगाचा ठिपका, आणि तो तुकडा परत भट्टीत.
तिथं मत विचारत नाहीत कुणाचं.

म्हणून शनिवारी, शहापुरात,
दुंडाप्पा माझं वाकलेलं चाक बोटावर फिरवत
"सव्वीस संपलं गं आता" म्हणाला
तेव्हा तोंडातून निघून गेलं :
संपलं म्हणजे? किती मिलिमीटरनं?

"कंपनीच करीना. आधी म्हणाले सत्तावीस पाच घ्या,
ह्येच पुढचं. मी माल भरला.
आता बघ, सगळी एकोणतीसच न्हेऊलाल्यात.
परवा एकटा आला, पुढं मोठं मागं बारकं पायजे म्हणून.
म्हटलं, गाडी हाय का घसरगुंडी?
खरं दिलं बसवून. झकास पळूलालंय म्हणतोय."

टायरच्या कडेवर, चिखलाखाली,
खरं माप छापलेलं असतं बारीक आकड्यांत.
मी ओल्या फडक्यानं पुसून तिन्ही वाचले :
पाचशे एकोणसाठ. पाचशे चौऱ्याऐंशी. सहाशे बावीस.
वजाबाकी केली. पंचवीस. अडतीस.
म्हणजे मधलं म्हणून विकलं ते मधोमध नव्हतंच.
जुन्याच्याच अंगणात उभं होतं,
नव्याचा सदरा घालून.

भावकाण्णानं त्याची एकोणतीस दिली होती मला
गेल्या रविवारी, देवरवाडीच्या वर, वैजनाथाच्या डोंगरात.
डांबराचा रंग बदलतो तिथं, मैलाच्या दगडावरची लिपी बदलते,
मग पायवाट लागते आणि तिला दोन्हीतलं काही ठाऊक नसतं.
काय चाक होतं ते!
ज्या दगडावर माझं रिम गेलं
त्याच्यावरून गेलं, आणि मला कळलंसुद्धा नाही.
थांबून मागं वळून बघितलं, तोच का दगड म्हणून.
तोच होता. पांढरा ओरखडा माझाच.

खरं करवंदीच्या जाळीत, अरुंद वळणावर,
मी आधी वळले आणि चाक मागून आलं,
जेवायला हाक मारल्यावर पोरगं येतं तसं.
आणि उतारावर मागं सरकले
तर टायर पँटला घासला.
माझी उंची पाच फूट एक.
ती कुठल्या कॅटलॉगमध्ये
दर दोन वर्षांनी बदलत नाही.

भावकाण्णा म्हणाला, सवय होईल.
होईल. सगळ्याची होते.
सवय झाली म्हणजे माप बरोबर, असं मात्र
मी कधी रजिस्टरमध्ये लिहिलेलं नाही.

दुंडाप्पा स्टुलावर चढला.
माळ्यावरून धूळ पडली, एक जुना मडगार्ड, कोळ्याचं जाळं,
आणि मग दोन टायर, सुतळीनं एकत्र बांधलेले.
"शेवटचे. रबर कडक झालंय थोडं. निम्म्यात देतो."
अंगठ्यानं दाबून बघितलं. झालंय खरंच.
पावसाळे मोजले : एक, दोन,
फार तर तीन.
"आणि मग?" त्यानं विचारलं.
मी पैसे मोजत होते, बोलले नाही.

रिम त्यानं गुडघ्यावर दाबलं, स्पोक आवळले,
कान लावून एकेकाला टिचकी मारली,
पुन्हा आवळले. तास गेला.
शेजारच्या मागावाल्यांची चहाची किटली
दोनदा येऊन गेली.
शेवटी चाक फिरवून सोडलं
आणि आम्ही दोघं बघत राहिलो.

अजून दीड मिलिमीटर हलतंय.
डाव्या बाजूला, व्हॉल्व्हच्या जरा पुढं.
कारखान्यात असतं तर
मी लाल ठिपका लावला असता.