मानेजवळची बट

वेन्सलीच्या हातांना डिझेलचा वास,
म्हणून आधी लिंबू चोळतो, मग साबण.
वरच्या पायरीवर तो, खालच्या पायरीवर केमोय,
मधे परसातली कोरफड, चिरून वाटीत,
आणि बारीक शेपटीचा कंगवा.

फोन उभा केलाय साखरेच्या डब्याला टेकून.
टोरांटोहून मार्व्हा सांगते :
भांग सरळ पाड. केस ओलसर हवेत, ओलेगच्च नकोत.
पीळ उजवीकडे, सगळ्यांना एकाच दिशेने.
मूळ ओढू नकोस, रडेल ती.
मग चित्र थिजतं, तिचं तोंड उघडंच राहतं,
आणि पोर्ट अँटोनियोच्या घाटात मिनीबस वळवणारा हा माणूस
बोटभर बट धरून
थांबून राहतो.

दुपार सरते. कपड्यांचे चिमटे संपतात.
बेचाळीस झाल्या. मानेजवळ एक उरली.
"ती नको," केमोय म्हणते, "ती मम्मीची."

पुढे आठवड्याला एकदा धुणं,
मुळापर्यंत उन्हात वाळवणं, नाहीतर कुबट वास येतो;
रात्री साटिनचा रुमाल.
शाळेत कुणी म्हणालं काथ्या, कुणी सुतळी.
पिंजारल्या, आखडल्या, मग हळूहळू
आतून घट्ट होत गेल्या.

मार्व्हा आली दुसऱ्या डिसेंबरात,
कारखान्यातल्या जाळीखाली बसावेत म्हणून कापलेले केस घेऊन.
दारातच लेकीची मान वाकवून
चाचपत राहिली.

ती एक बट
कुणी हात न लावता
कधीच वळून बसली होती,
जराशी वाकडी,
डावीकडे.