अडसर

सनैया नंबर दहा, शारजा. रात्रीचे पावणेतीन.
बेकरीचा ब्रेकर तिसऱ्यांदा पडला म्हणून मला उठवलं.
टेस्टर दातांत धरून मी पॅनल उघडत होतो
आणि पाठीमागे मरई कणकेचे गोळे मोजत होता.

दिवसभर तो अरबीत बोलतो,
पठाणाशी मोडक्या हिंदीत भांडतो,
मालकापुढे बोलतच नाही.
मोजणं मात्र वेगळं होतं.
थ्लोथा, अरपा, हम्शा...
ओठ हलत होते, आवाज पिठात पडत होता.
मी वळून बघितलं तसा तो गप्प झाला,
जणू न्हाणीचं दार मी चुकून ढकललं.

'ही अरबी नाही.'
'नाही.'
मग बराच वेळ काहीच नाही. पंखा सुरू झाला.
भट्टीत एक खुबूस फुगली, बसली.

तीन गावं, म्हणाला. दमास्कसच्या वरच्या अंगाला, डोंगरात.
तीनच गावांत ही बोलतात,
त्यातही तीन तऱ्हांनी.
शेजारच्या गावाला आम्ही हसायचो, ते आम्हाला.
आता आमच्या गावात हसायलाही कोणी नाही.
घरं पडली. माणसं निघाली,
कुणी बेकाच्या खोऱ्यात तंबूत, कुणी बर्लिनला,
मी इथे, एका पाळीला चारशे गोळे.

लढाईच्या आधी एकदा टीव्हीवाले आले होते म्हणे,
येशूची भाषा, येशूची भाषा करत.
'असेल,' मरई म्हणाला.
'माझी आत्या नमाज पढून उठायची
आणि ह्याच भाषेत शेळ्यांना आईबहिणीवरून...'
बाकीचं त्याने हाताने पूर्ण केलं.

तेव्हाच कुठेतरी तो अडला.
घराचं सांगत होता, रात्री दार लावण्याचं,
आतून आडवा टाकायचा तो लाकडी दांडा,
दोन्ही हात ताणून दाखवला,
पिठाचे पंजे हवेत.
शब्द येईना.
अरबी शब्द आला, तो त्याने
माशी वारावी तसा वारला.
रात्री तीन वाजता त्याने बहिणीला आवाजाचा निरोप धाडला.

बारा दिवसांनी मी परत गेलो. तोच ब्रेकर.
त्याने फोन माझ्या कानाला लावला,
मला काय कळणार, पण ऐकलं.
आधी तिची डोकेदुखी, मग पोराची फी,
मग सगळ्यात शेवटी, अगदी सहज,
मलाही आठवत नाही रे, आत्याला ठाऊक असतं.

आत्या गाव सोडून निघालीच नव्हती.

मी म्हटलं, आमच्यात त्याला अडसर म्हणतात.
'अद्सर.'
नाही, अडसर. जीभ मागे वळव.
'अद्सर.'
बरं.

आणि सांगता सांगता माझंच मला आठवलं,
वेंगुर्ल्याला आवस निजताना विचारायची,
अडसर घातलंस मां रे?
माझी मुलगी पुण्याला असते,
फोनवर मी 'माका' म्हटलं की खुदकन हसते.
तिच्यासाठी अडसर म्हणजे मध्ये येणारी कुठलीही गोष्ट,
वर्तमानपत्रातला, प्रकल्पाच्या वाटेतला.
दांडा कधीच गेला, अडचण तेवढी उरली.
हे मरईला कुठल्या हिंदीत सांगू?

तो मात्र भट्टीकडे तोंड करून
एक अख्खं वाक्य बोलला, त्याच्या भाषेत, सावकाश.
पैता म्हणजे घर, थरआ म्हणजे दार,
एवढे दोन मला त्याने शिकवले होते.
ते आले,
आणि त्यांच्या मागोमाग आडवा
माझा शब्द, जरा वाकडा.
मग पुन्हा एकदा, चाल बसते का बघत.
मग पठाण आला, ट्रे मागू लागला.

निघताना त्याने चार खुबूस कागदात बांधून दिल्या.
बिलावर मी लिहिलं: न्यूट्रल ढिली.
तात्पुरती घट्ट करून दिली आहे.