हरकती व सूचना

अर्ज एकपानी. खाली चौकट : 'आपले मत'.
तीन ओळींची. शुक्रवारी सायंकाळी पाचच्या आत.

सोमवारी मला मत होतं.
सकाळी सातला होतं, चहाबरोबर.
साडेसातला टिळेकरांनी नकाशा पाठवला
आणि ते बिस्किटासारखं कपात पडलं.
नऊला मेव्हण्याचा दुसरा नकाशा : नदी निळीशार,
काठावर सायकलवरची कुटुंबं, सगळ्यांचे दात दिसतायत.
दुपारी एक तज्ज्ञ, हातवारे करणारा.
मग दुसरा, पहिल्याला हसणारा.
झाडं तीन हजार. झाडं सहा हजार.
झाडं नाहीतच हो, नुसती झुडपं.
मी सगळं पुढे ढकललं, बरंचसं न वाचता,
वर एक वाक्य जोडून.
रात्री जावयाने त्या वाक्याखाली अंगठा उमटवला
तेव्हा लक्षात आलं,
वाक्य टिळेकरांचं होतं.

चौतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात
गेज घेऊन बसलो.
भोकात जातं, किंवा जात नाही.
साहेब म्हणाले म्हणून गेलं, असं कधी झालं नाही.
(एकदा झालं. अख्खी पेटी परत आली. ते असो.)

बुधवारी होळकर पुलाखाली उतरलो.
आधी वास आला. त्याने मला
बाजू विचारली नाही.
खोडांवर पिवळ्या रंगात आकडे.
मी माझे मोजत निघालो, करंज, उंबर, सुबाभूळ,
एक्केचाळीसपर्यंत बिनघोर,
आणि पुढे वाळुंज : दोन खोडं, बुंधा एक.
हे एक धरायचं की दोन?
तिथेच अडलो.
तीन हजारवाल्याने एक धरलं असेल,
सहावाल्याने दोन.
किंवा दोघंही इथे आलेच नसतील.

रिक्षा धूत होता एक जण, परदेशी नावाचा.
"सर्व्हे का?"
"नाही. बघतोय."
"बघा की," म्हणाला, आणि बादली ठेवून
ओल्या बोटाने वर दाखवलं :
वाळुंजाच्या फांदीवर चिंध्या, पिशव्या,
कुणाच्या तरी दाराचं सुकलेलं तोरण.
"मागच्या पुरातलं. तिथवर येतं पाणी."
मी हात उंच केला. पुरला नाही.
छत्रीचं टोक टेकलं, कसंबसं.

घरी येऊन दोन्ही नकाशे शेजारी ठेवले.
त्या जागी दोन्हीत बाक आहे.
एकात त्यावर म्हातारा बसलाय,
साधारण माझ्या वयाचा.

फोन थरथरत राहिला टेबलावर,
मी त्याच्यावर डाळीचा डबा ठेवला.

शुक्रवार, चार चाळीस. चौकटीत लिहिलं :
होळकर पुलाखालच्या जोड-वाळुंजाजवळ
पुराची खूण माझ्या डोक्यावर छत्रीभर आहे.
तिथे बाक दाखवला आहे.
बाकी मला अजून ठाऊक नाही.

लिहून झाल्यावर वाटलं, फारच थोडं झालं.
पण परत वाचलं, आणि आवाज माझाच आला,
जरा घोगरा.

खिडकीतल्या बाईंनी दोनदा वाचलं.
शिक्का उचलला, हवेतच धरला.
"काका, ही हरकत की सूचना?"

मागे रांग नव्हती.
मी वेळ घेतला.